गणिती दामोदर कोसंबी

कुळागराला पाणी सोडणारा जाणता माणूस शंभर खुणा तपाशीत बसत नाही. मातीचा ओलावा, आभाळ आणि पाटातील पाणी, एवढ्यावर त्याचा निर्णय होतो. आज कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांनाही हीच विद्या शिकवावी लागते. कारण पालटत्या परिस्थितीची सगळीच माहिती तोलीत बसल्यास निर्णय होईपर्यंत परिस्थिती बदललेली असते. अफाट माहितीतून मोजके सार काढण्याची एक गणिती रीत मांडणाऱ्यांत आपल्या गोव्याचा सुपुत्र अग्रभागी होता, हे सर्वणच्या मुलांस ठाऊक असावे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें येथे झाला. बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित धर्मानंद हे त्यांचे वडील. १९१८ साली त्यांनी मुलाला आपल्याबरोबर अमेरिकेस नेले. १९२९ साली दामोदरांनी हार्वर्डची पदवी सन्मानपूर्वक मिळविली. तेथेच नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. स्वतःची चूक सुधारीत चालणाऱ्या यंत्रांच्या शास्त्राचा पाया पुढे याच वीनरांनी घातला.

काशी व अलीगढ येथे अध्यापन करून कोसंबी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. अनिश्चितपणे बदलत राहणारी राशी काही मूळ आकारांच्या बेरजेने मांडता येते, हे त्यांनी १९४३ च्या एका निबंधात दाखविले. आकार योग्य निवडले, तर पहिल्या थोडक्यांतच बहुतेक सारा बदल सामावतो. उरलेले सोडले तरी फारसे बिघडत नाही. चेहरे ओळखणाऱ्या यंत्रांपासून वाऱ्याच्या खळबळीच्या अभ्यासापर्यंत ही रीत पुढे उपयोगी पडली. पण ती रूढ झाली कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने. त्यांनी ती स्वतंत्रपणे, परंतु मागाहून मांडली होती. युद्धाच्या त्या वर्षांत भारतीय नियतकालिकात छापलेला निबंध परदेशी कितीजणांच्या हाती पडला असेल?

कोसंबींनी जुनी नाणीही हजारोंनी तोलली. हातोहाती फिरून नाणे झिजते. त्या झिजेवरून त्यांनी इतिहासाचा माग काढला. १९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. स्वभाव मात्र मोडेन पण वाकणार नाही असा. अणुशक्तीचा बोलबाला असताना ते सूर्यशक्तीचा पक्ष उघडपणे मांडीत. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे वाढविला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या रीतीच्या नावात कोसंबींचेही नाव जोडण्याची प्रथा काही गणितज्ञांनी पाडली, ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.