संत जेरार्ड ह्यांचें मौन

ज्यांचें नांव आमच्या माताभगिनी बाळंतपणाच्या वेळीं भक्तिभावानें घेतात, त्या संत जेरार्ड मायेला ह्यांचा जन्म ६ एप्रिल १७२६ रोजीं इटलींतील मुरो गांवीं एका शिंप्याच्या घरीं झाला. प्रकृति नाजूक म्हणून कापुचिन मठानें त्यांस नाकारलें. रिडेम्प्टोरिस्ट संघानें घेतलें, तेंही नाखुषीनें.

१७५४ सालीं नेरेया काज्जानो नामक तरुणीनें त्यांच्यावर अनीतीचा आरोप केला. मठांत प्रवेश घेण्याच्या कामीं तिला साहाय्य केलें होतें तें जेरार्ड ह्यांनींच! संघसंस्थापक आल्फोन्स लिगोरी ह्यांनीं त्यांस बोलावून जाब विचारला. स्वतःची सफाई देऊं नये असा संघाचा नियम आहे, ह्या समजुतीनें जेरार्ड गप्प राहिले. त्यांस ख्रिस्तप्रसाद घेण्याची बंदी झाली.

आल्फोन्स ह्यांस दोष देणें आम्हांस जड जातें. ते पूर्वाश्रमीं नेपल्सचे नामांकित वकील. १७२३ सालीं एका दस्तऐवजांतील मुद्दा नजरेआड झाल्यानें मोठा दावा हरले व वकिली सोडून बसले. कागद पुनःपुन्हां वाचावा हें त्यांच्याइतकें कोण जाणणार? परंतु येथें वाचावयास केवळ मौन होतें. आणि गप्प राहणाऱ्याविषयीं आम्ही ओटीवर बसून काय काय तर्क लढवितों, हें वाचकांस ठाऊकच आहे.

कांहीं आठवड्यांनीं नेरेया अत्यवस्थ झाली, आणि आरोप खोटा होता असें तिनें पत्रानें कळविलें. बंदी उठली. पुढील वर्षीं, १६ ऑक्टोबर १७५५ रोजीं, जेरार्ड क्षयानें वारले. वय अवघें २९. पोप दहावे पायस ह्यांनीं १९०४ सालीं त्यांस संतपद दिलें. आल्फोन्स १८३९ सालींच संत घोषित झाले होते.