सुटका कसली? : पंडिता रमाबाईंची गोष्ट

पी.एल. चालू असताना अभ्यास सोडून बाकी सगळ्या विषयांवर चर्चा होते, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. मागच्या सेमिस्टरला आमच्या रूममध्ये रात्री दीड वाजता स्वातंत्र्य हा विषय निघाला. सुरुवात अर्थातच इन-टाइमवरून (मुलांच्या हॉस्टेलला विचारतंय कोण!). तिथून गाडी घरच्यांवर, लग्नावर, आणि शेवटी धर्मावर आली. रूममध्ये ख्रिस्ती मी एकटीच, त्यामुळे सगळ्या नजरा माझ्याकडे. एका मैत्रिणीनं सरळ विचारलं, की एका धर्माचे नियम सोडून दुसऱ्या धर्माचे नियम घेतले तर त्यात सुटका कसली? एका रेक्टरच्या हॉस्टेलमधून दुसऱ्या रेक्टरच्या हॉस्टेलमध्ये, इतकंच ना? तिच्या विचारण्यात खोच नव्हती, म्हणूनच प्रश्न जास्त लागला. मला उत्तर सुचलं नाही. मॅगीचं पातेलं घासायचं निमित्त करून मी बाहेर सटकले.

आमचं गाव सोलापूरकडचं. पुण्याहून घरी जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. लहानपणी तिथं गाडी थांबली की आजी खिडकीतून बोट दाखवून म्हणायची, हे रमाबाईंचं केडगाव. मी चिक्कीवाल्याकडे बघत असायचे. शाळेच्या इतिहासात पंडिता रमाबाईंना दोन-तीन ओळी होत्या: शारदासदन, मुक्ती मिशन, जोड्या लावा. त्या रात्रीनंतर मात्र मी सुट्टीत त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. वाचलं ते तुम्हाला सांगते, कारण त्या मैत्रिणीला द्यायचं उत्तर मला त्यात थोडंफार सापडलं. पूर्ण सापडलं असं म्हणणार नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईला देववाणी शिकवणं त्या काळी शास्त्री मंडळींना पचणारं नव्हतंच, पण अनंतशास्त्री हटले नाहीत. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी हिंडलं. व्रतं, उपवास, दानधर्म, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. होतं ते वाटून संपलं, आणि 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हातात काहीच नव्हतं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात म्हणून चौथ्या जागी रमाबाई स्वतः उभ्या राहिल्या. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तो भार त्यांनी डोक्यावर घेतला. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी पुढं वाचलं.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत पार काश्मीरपर्यंत गेले, आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात वाद घालते, भागवतातले हजारो श्लोक तोंडपाठ म्हणते, हे बघून तिथले पंडित थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या तिथल्याच. तिथंच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांचा मेळावा पाहिला. लोक खुर्चीसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले. बहीण-भावाला वाटलं, हे लोक खुर्चीची पूजा करतात! आमच्या चर्चमध्ये हा किस्सा सांगितला तेव्हा पास्टर पण हसले.

मात्र कलकत्त्यात त्यांनी शास्त्रं स्वतः उलगडून वाचायला घेतली, आणि तिथं त्यांना खरा धक्का बसला. एकमेकांशी न पटणारी ही शास्त्रं दोन बाबतींत एकमत होती, असं त्यांना दिसलं: स्त्री आणि शूद्र यांना स्वतःच्या हक्कानं मोक्ष नाही. जिनं आईवडिलांना व्रतं करत करत मरताना पाहिलं, तिच्यासाठी ही चर्चा पुस्तकी नव्हती.

1880 मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते जातीनं शूद्र मानले जाणारे, म्हणजे तेव्हाच्या समाजात केवढा गहजब! आसामात सिल्चरला त्यांचा संसार झाला. मुलगी मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं बिपिनबाबू गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

मग पुणं, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष. हे सगळं 1882 मधलं आणि बहुतेकांना माहीत असतं, म्हणून पुढे जाते. 1883 मध्ये डॉक्टरी शिकायला म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टरी राहून गेली. वाँटेज या गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं एक घर दाखवलं. रस्त्यावर आलेल्या, समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं सांभाळत होते. शिक्षा करायला नाही, पायावर उभं करायला. अशा बाईवर कुणी माया करतं, हे त्यांनी पूर्वी कुठं पाहिलं नव्हतं. याचं मूळ कशात म्हणून विचारलं, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. तिथं त्यांचं मन वळलं. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. पण मला सांगायचं आहे ते यापुढचं, कारण आमच्या रूममधला प्रश्न इथंच येतो. दुसऱ्या रेक्टरचं काय?

बाप्तिस्मा झाल्यावर सिस्टर्सना वाटलं, आता ही आपली. हिनं चर्च सांगेल ते ऐकावं. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता, त्यांना रमाबाईंबद्दल मायाही खूप. आणि रमाबाई? त्यांनी नेसू नऊवारीच ठेवलं, जेवण शाकाहारीच ठेवलं. त्रैक्याचं तत्त्व बुद्धीला पटेना तर पटत नाही म्हणून स्पष्ट कळवलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर क्रूस घालायचाच झाला तर त्यावर संस्कृत अक्षरं हवीत असं त्यांचं म्हणणं. ते संस्कृत पवित्र म्हणून नव्हे, माझ्या देशाची जुनी, सुंदर भाषा म्हणून. ब्राह्मणांनी संस्कृतला जे सोवळं लावलं तेच तुम्ही लॅटिनला लावता का, असा त्यांचा रोख होता. वाचताना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढचं भांडण तर आपल्या हॉस्टेलमध्ये शोभेल असं. चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या, स्वतःही शिकत होत्या. प्राचार्या डोरोथिया बील. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तर मुंबईच्या बिशपपर्यंत विरोध गेला. बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल म्हणे! रमाबाईंनी उलट कळवलं, की जिथं माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने कधी आडकाठी केली नाही, तिथं तुम्ही इंग्रज लोक कशी करता, याचं मला नवल वाटतं. आणि मुद्द्याचं ते असं, की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जोखड बिशपच्या नावानं मानेवर घेणार नाही. देवाचं म्हणणं काय ते माझी सदसद्विवेकबुद्धी मला सांगेल.

म्हणजे रेक्टर बदलला नव्हता, तर देव आणि आपण यांच्यामधला रेक्टरच नको, असं त्यांचं म्हणणं होतं. तेही कुठं, तर परक्या देशात, परक्यांच्या घरात, त्यांचंच अन्न खात असताना. मनोरमेचं शिक्षणही त्यांच्याच मदतीवर चाललेलं. आपल्याला साधं गाईडपुढे प्रोजेक्टचा विषय बदलायचाय म्हणायला तीन आठवडे लागतात.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथं इंग्रजीतून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिलं (1887), बोस्टनला त्यांच्या कामासाठी असोसिएशन उभी राहिली, आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदासदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. त्या हिंदूच राहिल्या, हे इथं लिहून ठेवते.

आता अवघड भाग. शारदासदनचा नियम असा होता, की धर्म शिकवायचा नाही आणि कुणाला अडवायचंही नाही. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेसोबत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. केसरीनं टीका केली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद करा, एवढंच लोकांचं मागणं होतं. रमाबाईंनी ते केलं नाही.

मी इथं बराच वेळ अडकले. त्यांचा निर्णय मला समजतो. ज्या बाईनं बिशपला जुमानलं नाही ती पुणेकरांना कशी जुमानेल? पण दुसरी बाजूही आहे. ज्या बारा-पंधरा वर्षांच्या मुलीचं केशवपन झालंय, जिला घरात कुणी ताटावर बसवत नाही, तिला जी बाई जेवू घालते, शिकवते, जवळ घेते, तिच्या उघड्या दारातून आत जायचं की नाही हे त्या मुलीनं किती मोकळेपणी ठरवलं असेल? रानड्यांसारख्या माणसाला शंका आली ती उगीच नसावी. आजीला हे बोलून दाखवलं तर ती रागावली. मग थोड्या वेळानं म्हणाली, की त्या मुलींना त्याआधी कुणी दार उघडलं होतं का? तेही खरं. मला दोन्ही खरं वाटतं.

याच सुमारास, 1891 च्या आसपास, रमाबाईंना स्वतःबद्दल एक गोष्ट कळली होती. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला, पण ख्रिस्त नव्हे. धर्माची तत्त्वं तपासली, पटली ती घेतली, पण मनातलं ओझं तसंच होतं. एवढ्या तपश्चर्येच्या घरात वाढलेली बाई आतून अजून हिशेबच करत होती: मी पुरेशी चांगली आहे का, पुरेसं केलं का? तो हिशेब सुटला तेव्हा त्यांना मोकळं वाटलं. आमच्यात तारण म्हणतात ते हेच, कमवायचं नाही, फुकट मिळालेलं घ्यायचं. बिशपला नाही म्हणणं ही अर्धीच सुटका होती, हे मला इथं कळलं. बाहेरचा रेक्टर घालवता येतो, आतला जात नाही.

आणि मग ती बाई जे सुटली ते बघा. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळात माणसाचं काय होतं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे ठेवता येईनात, तर केडगावला घेतलेल्या माळरानावर. तिथं विहिरी खणल्या, झाडं लावली, इमारती उठल्या. नाव ठेवलं मुक्ती. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास जीव होते. माग, तेलघाणा, शेती, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी! फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं, म्हणजे फुलहॅमला पाहिलेलं घर इथं उभं राहिलं. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. मिशन कुठल्या एका पंथाच्या चर्चला बांधून घेतलेलं नव्हतं. ते काम आजही चालू आहे.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीचं मराठी बायबल पंडिती वाटतं, खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार. पंडिता पदवी मिळालेल्या बाईची! भाषांतर पूर्ण एकटीचं, आणि खिळे जुळवायला, पानं छापायला मुक्तीतल्याच बायका.

1921 च्या जुलैत मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. पाठोपाठ 5 एप्रिल 1922 ला रमाबाई. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये, केडगावच्याच छापखान्यातून.

मैत्रिणीला हे सगळं सांगून झालं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की त्या उघड्या दाराचं मग तुझं मत काय? आम्ही पुन्हा दीड वाजेपर्यंत जाग्या. दुसऱ्या दिवशी एम-थ्रीचा पेपर होता, त्याबद्दल न बोललेलं बरं.