भास्कराचार्यांचा मठ आणि आमची पेठ

सातारा अगर सांगली येथील पेठेंतल्या कोणत्याही गृहस्थास आपला मुलगा त्रिकोणमितींत कसा आहे असें विचारलें, तर मुलास सूत्रें पाठ आहेत, एवढेंच उत्तर बहुधा मिळेल. दहावीच्या वर्गांत हा विषय भूमितीच्या पुस्तकांत येतो व पुढें महाविद्यालयांत चलन-कलनाच्या प्रकरणांत पुन्हां भेटतो. परंतु या तिहींस जोडणारा पूल मुलांस क्वचितच दाखविला जातो. हा पूल सुमारें पावणेनऊशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं दाखविला, त्या भास्कराचार्यांचें चरित्र म्हणूनच आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें त्यांनीं आपलें गांव म्हणून सांगितलें आहे. वडील महेश्वर हे नामांकित ज्योतिषी असून तेच त्यांचे गुरु होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ मध्यें, त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. पैकीं लीलावतींत व्याज, भागीदारी, सोन्याचा कस इत्यादि व्यवहाराचीं गणितें आहेत. तेव्हां व्यापारी वर्गास हे आचार्य परके वाटण्याचें कारण नाहीं. पुढें एकूणसत्तराव्या वर्षीं, इ. स. ११८३ मध्यें, त्यांनीं ‘करणकुतूहल’ लिहिला.

गोलाध्यायास जोडलेलें ज्योत्पत्ति नांवाचें प्रकरण हा आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. मुलें ज्यास साइन म्हणतात, तो शब्द याच ज्येच्या ‘जीवा’ या पर्यायापासून अरबी व लॅटिन भाषांतून फिरत आला आहे. आचार्य सांगतात कीं, उभ्याआडव्या धाग्यांनीं जसें वस्त्र विणलें जातें, तसा गोल हा ज्या व कोटिज्या यांनीं विणलेला आहे. वर्तुळांतील नियमित आकृतींवरून कांहीं मुख्य ज्या काढावयाच्या, अठरा व छत्तीस अंशांच्या ज्यांचे नियम द्यावयाचे, आणि दोन चापांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या कशी काढावी हें सांगावयाचें, अशी त्यांची रीत आहे. ग्रंथावर वासनाभाष्य लिहून आपल्या नियमांची उपपत्ति त्यांनीं स्वतः दिली. न्यायालयाच्या निकालास जशीं कारणें, तशी गणितज्ञाच्या उत्तरास उपपत्ति हवी, हा त्यांचा आग्रह होता.

येथून पुढचें पाऊल चलन-कलनाकडे पडतें. चंद्राची गति मोठी व सतत बदलणारी. म्हणून आजच्या व उद्यांच्या स्थानांची वजाबाकी करून काढलेली दिनगति तिथीचा शेवट ठरविण्यास पुरी पडत नाहीं. तेथें त्या क्षणाची गति हवी. तिला आचार्यांनीं तात्कालिक गति म्हटलें. परिघाच्या २१,६०० कला धरून त्याच मापानें त्यांनीं त्रिज्या ३,४३८ कलांची घेतली. चाप व ज्या एका मापांत आल्यामुळें २२५ कलांच्या चापाची ज्याही जवळजवळ २२५ कलाच येते. हल्लींच्या रेडियन मापाच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. चाप किंचित् वाढलें असतां ज्येची वाढ तेथील कोटिज्येच्या प्रमाणांत होते, हा त्यांचा नियम. आरंभीं ज्या चापाबरोबर धांवते आणि नव्वद अंशांशीं तिची वाढ थांबते. चलन-कलनांत साइनचें विकलन कोसाइन येतें, तें हेंच होय.

गोलाच्या पृष्ठाचें क्षेत्रफळ लल्लानें वर्तुळाच्या क्षेत्रास परिघानें गुणून सांगितलें होतें. तो थोर पूर्वसूरि खरा. पण आचार्यांनीं त्याच्या नांवापुढें मान न तुकवितां चूक दाखविली. गोलावर आवळ्याच्या रेषांप्रमाणें उभे भाग पाडून, ज्यांची बेरीज घेऊन, परिघ व व्यास यांचा गुणाकार हेंच तें क्षेत्रफळ असें त्यांनीं ठरविलें.

यावरून आजचें संपूर्ण कलनशास्त्र भास्कराचार्यांस अवगत होतें असें म्हणणें मात्र अतिशयोक्ति होय. केरळांत चवदाव्या शतकांत माधवानें ज्येच्या अनंत श्रेढी काढल्या. सतराव्या शतकांत न्यूटन व लायब्निट्झ यांनीं शास्त्रास व्यापक रूप दिलें. काशीचे बापूदेव शास्त्री यांनीं १८५८ मध्यें आचार्यांच्या या कल्पनेकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. खरा अभिमान सत्याच्या मापानेंच मोजावा.

आचार्यांचें अध्यापन त्यांच्याबरोबर संपलें नाहीं. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या दरबारीं मान पावले. नातू चांगदेव सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. चांगदेवांनीं आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं पाटण येथें मठ स्थापिला. हें पाटण सातारा जिल्ह्यांतील नव्हे, तर खानदेशांत चाळीसगांवजवळचें. इ. स. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणून १८६५ मध्यें प्रसिद्ध केला. निकुंभ वंशांतील सोईदेवानें मठास दिलेल्या देणगीचा उल्लेख त्यांत आहे. आणि शेवटीं जुन्या मराठींत, पेठेंत विकावयास उघडलेल्या मालावरील जें उत्पन्न ग्राहकांकडून राजास मिळे तें मठास दिल्याचें व तेलाच्या घाण्यांमागें मठास तेल द्यावयाचें, असें नोंदलेलें आहे. तात्पर्य, त्रिकोणमितीच्या त्या शाळेंतील दिवा बाजाराच्या तेलावर जळत होता.

आमच्या या मुलुखास विद्येसाठीं हात सैल सोडणें नवें नाहीं. १९१९ या एकाच वर्षीं काले येथें रयत शिक्षण संस्था व सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय सुरू झालें. आतां थोडें आणखी केलें पाहिजे. एक लाकडी वर्तुळ, दोरी व चार खिळे यांस फारसा खर्च नाहीं. पण त्यांवर चाप सरकवून ज्या कशी वाढते व कोठें थांबते हें मुलास डोळ्यांनीं दिसतें. शिक्षकांनीं सूत्राआधीं आकृति काढावी, परीक्षकांनीं उत्तराबरोबर उपपत्ति मागावी, आणि पेठेंतील धनिकांनीं शाळेच्या इमारतीस नांव देण्याइतकाच उत्साह तिच्या गणिताच्या वर्गास साहित्य व चांगला शिक्षक देण्यांत दाखवावा. पाटणच्या व्यापाऱ्यांनीं व तेल्यांनीं जें केलें, तें आमच्या हळदीच्या व गुळाच्या पेठांस जड जाऊं नये.