पंडिता रमाबाई : शास्त्र स्वतः वाचणारी विदुषी

केडगावच्या मुक्ती मिशनचे नाव ज्या घरी ठाऊक नाही असे मराठी ख्रिस्ती घर विरळाच. रविवारच्या शाळेत आम्ही मुलांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतो ती बहुधा दुष्काळापासून सुरू करतो आणि अनाथ मुलींना मिळालेल्या आसऱ्यापाशी संपवतो. गोष्ट खरीच आहे. पण ती सांगताना रमाबाईंमधील विदुषी मात्र बाजूला राहते. स्त्री आणि धर्म या एकाच प्रश्नावर या बाईने आयुष्यभर वाचन केले, लेखन केले, आणि त्यासाठी पुण्यातील शास्त्री, सुधारक आणि विलायतेतील बिशप या सर्वांचा रोष पत्करला. त्याबद्दल आपल्या मंडळ्यांत फारसे बोलले जात नाही. आज त्याविषयीच लिहावे असे आम्हांस वाटले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पुण्यास त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत, ते पाहून आपल्याही पत्नीने शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. लोकांनी ओरड केली. तेव्हा उडुपी येथे पंडितांच्या सभेत त्यांनी शास्त्राधारे सिद्ध करून दाखवले की, स्त्रीने संस्कृत शिकण्यात अधर्म नाही. मात्र वेद त्यांनीही वगळले. पुढे आई लक्ष्मीबाई पहाटे कामे सुरू होण्यापूर्वी रमेला उठवून पाठ देत. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला लहानपणीच मुखोद्गत झाले.

कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडत पुराण सांगत असे. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय अवघे वीस.

कलकत्त्यात दोन गोष्टी घडल्या, आणि आमच्या मते पुढचे सारे आयुष्य त्यांतून निघाले. स्त्रियांपुढे त्यांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावी म्हणून रमाबाईंना धर्मशास्त्रे वाचायला सांगण्यात आले. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की, एरवी एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्री स्वभावतः वाईट आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही, एवढ्यावर मात्र एकमत आहेत. दुसरी गोष्ट, केशवचंद्र सेन यांनी वेदाची एक प्रत हाती देऊन ती वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीने वेद वाचू नये असे लहानपणापासून ऐकलेले. त्या आधी कचरल्या, मग वाचला.

भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेरचे बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेले. तान्ह्या मुलीसह रमाबाई पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे मांडले, आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पहिले पुस्तक लिहिले. ते आज वाचताना नवल वाटते, कारण स्त्रियांच्या दुःखाचा बराच दोष लेखिका स्त्रियांच्याच अज्ञानावर ठेवते आणि पतिव्रतेचा आदर्श तसाच राखते. याच पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाला पैसा मिळाला.

वैद्यकी शिकावी म्हणून त्या १८८३ मध्ये निघाल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने तो बेत राहिला. वाँटेजच्या भगिनींच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आमच्या गोष्टी बहुधा येथे आनंदाने थांबतात. खरा झगडा येथून पुढे आहे.

बाप्तिस्मा घेतला म्हणून विचार करणे रमाबाईंनी सोडले नाही. त्रैक्याचे तत्त्व मंडळीच्या मतांगीकारात ज्या शब्दांत मांडले आहे, ते शास्त्रात कोठे आहे असे त्या विचारू लागल्या. सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटला. त्यांनी आईच्या मायेने आणि अधिकारानेही समजावले. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी पवित्र शास्त्राचा अधिकार मानते, ते शिकवणाऱ्या माणसांचा नव्हे. मायदेशी एका पुरोहितवर्गाचे जू उतरवले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का? ती मला कळत नाहीत आणि माझ्या देशभगिनींनाही नाहीत, संस्कृत चालेल, हाही त्यांचा वाद होता. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली की तिकडे त्यांचे वजन कमी होईल. ज्या बाईने देशभर पुरुषांच्या सभांपुढे पुराण सांगितले तिला हे सांगणे! तेथल्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र न रागावता तिच्या शंकांशी शंका म्हणून व्यवहार केला. हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईस पुस्तकरूपाने छापला गेला. आमच्या रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी तो जरूर मिळवून वाचावा. त्यात कोणी एक पक्ष दुष्ट नाही, म्हणूनच तो वाचताना जीव कासावीस होतो.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियास गेल्या. तेथे १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. मनुस्मृतीतील वचने समोर ठेवून बालविवाह, वैधव्य आणि सक्तीचे अज्ञान यांचा संबंध त्यांनी त्यात दाखवला. पाच वर्षांपूर्वीची लेखिका ती हीच का असे वाटावे! दोष आता स्त्रियांवर नव्हता. पुस्तक आईला अर्पण केले आहे.

त्या पुस्तकामुळे आणि व्याख्यानांमुळे अमेरिकेतून मदत मिळाली व ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन निघाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास गेले. धर्म कोणावर लादायचा नाही अशी तेथली अट होती. पण रमाबाई स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हा दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. पुण्यात गदारोळ झाला, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे व भांडारकर यांनी १८९३ साली सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांच्या धास्तीत मुळीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रार्थना करताना दार लावून घ्यावे, ही मागणी रमाबाईंना मान्य होण्यासारखी नव्हती.

याच सुमारास, १८९१ नंतर, ज्या शंकांवर वाँटेजला वाद झाला त्या त्यांच्या मनात आपल्या वाटेने निवळल्या आणि ख्रिस्ताशी त्यांचे नाते घट्ट झाले. दुष्काळ आले, १८९६-९७ चा मध्य प्रांतातील आणि १९०० चा गुजरातमधील. केडगावी दीड हजारांहून अधिक स्त्रिया व मुली राहू लागल्या. तो भाग वाचकांना ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे ते शेवटचे काम. मराठी पवित्र शास्त्राची भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, आणि तिच्यातील पुष्कळ शब्दांना जुन्या धर्मविचारांचा अर्थ चिकटलेला आहे, असे रमाबाईंचे मत झाले. पन्नाशीकडे झुकलेल्या या संस्कृत पंडितेने इब्री आणि ग्रीक यांचा अभ्यास मांडला आणि मुळावरून साधे भाषांतर करायला घेतले. मिशनच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवीत आणि छापाईचे काम पाहत. भाषांतर फार शब्दशः आहे, काही ठिकाणी अडखळायला होते, आणि मंडळ्यांनी उपासनेसाठी ते स्वीकारले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण संस्कृतात हातखंडा असलेल्या बाईने संस्कृत शब्द एक एक करून बाजूला ठेवावे, हे काही लहानसहान काम नव्हे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. मिशनचा भार तिच्यावर सोपवायचा होता. रमाबाईंनी काम थांबवले नाही. मुद्रिते तपासून पुरी होईपर्यंत दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली होती, असे मुक्तीच्या लोकांत सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली केडगावी बाहेर पडले.