नव्या कराराचा वाचक : रेव्हरंड टिळक

वाचकहो, आपल्या घरोघरी ज्ञानेश्वरी आहे, तुकोबांची गाथा आहे. फडक्यात बांधून, गंधफूल वाहून आपण ती जपतो. पारायणेही होतात. पण वाचलेला शब्द स्वयंपाकघरापर्यंत, ओसरीपर्यंत, शेजाऱ्याशी बोलण्यापर्यंत आपल्यापैकी कितीजणांच्या पोहोचतो, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. मला हा प्रश्न पडतो तेव्हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होते. ते ख्रिस्ती झाले. त्यांची वाट ती आपली वाट नव्हे. पण वाचन माणसाच्या अंगी कसे मुरते आणि त्यापायी कोणाकोणाला सोसावे लागते, हे त्यांच्या चरित्रात उघड दिसते.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई जानकीबाई भाविक, वडील कडक. आई लवकर गेली आणि हा मुलगा घर सोडून नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे लग्न झाले, पण पाय एका जागी ठरेना. आज या गावी मास्तरकी, तर उद्या भलत्याच गावी. कविता मात्र सुटली नाही. देश कसा वर येईल, जातीजातींतली ही उतरंड कशी मोडेल, याचा त्यांना ध्यास होता. नागपुरास अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी धर्मग्रंथांचा अभ्यासही चालवला होता. म्हणजे पुढे जे घडले ते रिकाम्या मनात घडले नाही. जमीन आधीच नांगरलेली होती.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. कवितेवरून बोलणे निघाले आणि धर्मावर आले. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि वाचायचे वचन घेतले. तो गृहस्थ पुढे कुठे गेला कोण जाणे! टिळकांनी दिलेला शब्द मात्र पाळला. चिकित्सक बुद्धीचा माणूस, खुणा करीत वाचू लागला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाशी आला आणि तिथेच अडला. वैऱ्यावरही प्रेम करावे, दान गाजावाजा न करता द्यावे, दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी आपल्या डोळ्यातले पाहावे, ही शिकवण त्यांच्या मनातून जाईना. वाचून पुस्तक मिटणारे ते नव्हते. एकेक वचन घेऊन ते स्वतःला त्याच्याशी ताडून पाहू लागले. आपण ज्याला श्रवण, मनन आणि निदिध्यास म्हणतो, तेच हे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनाला शांती लाभली असेल, पण घरावर मात्र कुऱ्हाड कोसळली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. काही काळ तर त्या पंढरपुरातच होत्या. नवरा जिवंत असून अंतरलेला, लोक बोलत आहेत, रडून रडून प्रकृती खालावलेली. हे दुःख झाकून टिळकांचे चरित्र सांगणे खरे नव्हे. प्रेमाचा ग्रंथ वाचून घेतलेल्या निर्णयाने घरच्याच माणसाला एवढे रडवावे, ही टोचणी वाचणाऱ्याला लागतेच, आणि लागावीच.

काही वर्षांनी दोघे अहमदनगरास पुन्हा एकत्र आले. खरी कसोटी इथे होती. लक्ष्मीबाईंचे सोवळे कडक. त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यावर बळजबरी केली नाही. वाचलेल्या शिकवणीचा अर्थ त्यांना इथे, रोजच्या दोन वेळच्या जेवणाशी, सिद्ध करायचा होता. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला की देवाने माणूस केला, जाती माणसानेच केल्या. त्या विचाराने त्यांचे सोवळे आपोआप गळून पडले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नंतर याच घरी कवी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले.

आता दुसरी गोष्ट, जी वारकऱ्याच्या कानाला विशेष गोड लागेल. परदेशी थाटाच्या भजनाने मराठी माणसाचे अंतःकरण हलत नाही, हे टिळकांनी ओळखले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. म्हणून त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात ओतली, टाळमृदंगावर आणली, कीर्तनात उभी केली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ज्ञानोदय पत्राचा मराठी भाग सांभाळला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांची गीते आजही गातात. पुस्तक परक्याच्या हातून आले खरे, पण मन विरघळले ते आईच्या भाषेत आणि संतांच्या चालीवर.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार ही मंडळी उभी केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिचे दार उघडे होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला. ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्र त्यांनी १९०९ साली ओवीबद्ध करायला घेतले होते. सुरुवातीचे दहाएक अध्यायच त्यांच्या हातून झाले. राहिलेले साठांहून अधिक अध्याय कोणी लिहिले म्हणाल? लक्ष्मीबाईंनी! ज्यांना टिळकांनीच लिहावाचायला शिकवले, ज्या एकदा या धर्मापायी रडल्या होत्या, त्यांनी.

सज्जनहो, टिळकांसारखा धर्म बदलावा असे काही यातून निघत नाही. पण गाडीत भेटलेल्या परक्या माणसाला दिलेल्या शब्दाखातर त्यांनी एक पुस्तक खरोखर वाचले आणि मग त्या पुस्तकाला आपले घर तपासू दिले. आपण तर गाथा जन्मापासून जवळ बाळगतो. आज संध्याकाळी दिवा लागला की फडके सोडावे, एकच अभंग वाचावा, आणि उद्या दारी येणाऱ्या पहिल्या माणसाशी तो अभंग स्मरून बोलून पाहावे.