प्लेगची लस आणि संमतीचा आग्रह : वाल्देमार हाफकिन

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. रोगाइतकीच दहशत सरकारी उपायांची होती. रुग्णांना घरातून उचलून नेणे, घरांची झडती घेणे, सामान जाळणे हे प्रकार लोकांना असह्य झाले. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला. पुण्यात लष्कराच्या मदतीने घरे तपासण्यात आली आणि त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एका बाजूला सक्ती, दुसऱ्या बाजूला संपूर्ण अविश्वास, अशा वातावरणात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करीत होते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. विद्यापीठात इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू होते. झारशाहीविरोधी चळवळीतील सहभागामुळे त्यांना अटकही झाली होती. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथपालाची नोकरी पत्करली आणि तेथेच पटकीची लस विकसित केली. जुलै १८९२ मध्ये ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. रशियन प्रजाजन असल्याने इंग्रज अधिकारी त्यांच्याकडे साशंकतेने पाहत. म्हणजे विश्वास संपादन करण्याचे काम त्यांना दोन्हीकडे करावे लागले.

१८९३ मध्ये ते भारतात आले व कोलकात्याच्या बस्त्यांत पटकीची लस टोचत फिरले. तेथेच त्यांची पद्धत पक्की झाली. ज्याची इच्छा असेल त्यालाच टोचायचे आणि त्याच घरातील, तेच पाणी पिणाऱ्या न टोचलेल्या माणसांशी त्याची तुलना करायची. मुंबईतही त्यांनी हेच केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगच्या लसीची मोठी मात्रा स्वतःच्या शरीरात घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते बरे झाले. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली.

त्यांचा दावा मर्यादित होता, हे विशेष. टोचल्यानंतर ताप येतो, सूज येते, संरक्षण पूर्ण नसते आणि ते काही महिन्यांपुरतेच टिकते, हे ते लपवीत नसत. लशीत निषिद्ध मांस असल्याची अफवा पसरवणाऱ्यांना आणि लस हा रामबाण उपाय मानणाऱ्यांना त्यांचे उत्तर एकच होते, ते म्हणजे आकडे. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंधेरा गावी प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. पुढे प्लेग झालेल्या २८ कुटुंबांत न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ मरण पावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी आजारी पडले ८ आणि दगावले ३. टोचलेल्यांतही तीन मृत्यू झाले, ही गोष्ट हाफकिन यांनी दडवली नाही.

आगाखान तिसरे यांनी अनुयायांदेखत लस घेतली, तेव्हा खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. त्यांनीच प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. हुबळीत १८९८ मध्ये मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्लेग बेंगळुरूला पोहोचला. मात्र काही ठिकाणी टोचून घेतल्याचा दाखला असलेल्यांना विलगीकरणातून सूट मिळे. ही सक्ती नव्हती. पण सक्तीपासून फारशी दूरही नव्हती, असे म्हणावे लागेल. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

पंजाब सरकारने १९०२ मध्ये व्यापक टोचणीची मोहीम आखली आणि लशीची मागणी एकाएकी वाढली. ती भागवण्यासाठी परळला कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन निलंबित झाले व १९०४ मध्ये इंग्लंडला गेले. आकड्यांवर उभा राहिलेला विश्वास एका बाटलीने ढासळला होता.

वस्तुतः चौकशीतच एक नोंद होती. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. दूषण मुंबईतच झाले असते, तर इतक्या दिवसांनी बाटलीला दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. लंडनच्या टाइम्समध्ये जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी हे मांडले, आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कोलकात्यात त्यांची नेमणूक झाली. लोकांमध्ये जाऊन लस टोचण्याचे काम मात्र कायमचे थांबले. १९१४ मध्ये ते भारतातून निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तोवर मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. अविवाहित राहिलेले हाफकिन २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे निधन पावले.