शून्याजवळचा चकवा : लॉर्ड केल्व्हिन

उसाचा हंगाम सुरू झाला, की इस्लामपूरच्या गॅरेजांत ट्रक-ट्रॅक्टरची गर्दी होते. बॅटरी चांगली असते, तरी सेल्फ जोर धरत नाही. अर्थची केबल मीटरने तपासावी, तर रोध जवळजवळ शून्य! केबल निर्दोष ठरते, नवा स्टार्टर बसतो, पैसे जातात आणि दुखणे मात्र तसेच राहते. या चकव्यावरचा उपाय 1861 मध्येच एका शास्त्रज्ञाने शोधला होता. ते विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन.

26 जून 1824 रोजी बेलफास्टला त्यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षी आई गेली. गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांनीच मुलांना शिकवले. विल्यम दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात दाखल झाले आणि बाविसाव्या वर्षी तिथेच प्राध्यापक. ती खुर्ची त्यांनी 53 वर्षे सांभाळली.

1858 मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी तारेची केबल पडली. संदेश नीट पोचेनात, तेव्हा कंपनीचे वीजतज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी सुमारे 2000 व्होल्टचा दाब दिला. केबल काही आठवड्यांत मुकी झाली. थॉमसन यांचे मत उलट होते : जोर नको, नाजूक मापन हवे. चिमुकल्या आरशावरून प्रकाशाचा ठिपका हलवणारा त्यांचा गॅल्व्हानोमीटर अतिक्षीण प्रवाहही दाखवी. 1866 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टाकलेली केबल यशस्वी झाली आणि थॉमसन 'सर' झाले. त्याच जहाजाने 1870 मध्ये मुंबई-एडन केबल टाकली.

अतिअल्प रोध मोजताना मीटरच्या तारांचा आणि सांध्यांचा रोधही त्यात मिसळतो, हे त्यांनी जाणले. साध्या मीटरचा शेवटचा अंक 0.1 ओहमचा, खराब केबलचा रोध 0.01 ओहम. तो दिसणार कसा? थॉमसन यांनी वाट काढली : प्रवाह एका जोडीतून सोडायचा, दाब दुसऱ्या जोडीने मोजायचा. जाणता मिस्त्री सेल मारतानाच केबलच्या दोन टोकांमधले व्होल्ट पाहतो, तेव्हा तो हेच करतो. 150 अँपिअरला 0.01 ओहम म्हणजे दीड व्होल्टची गळती. चोर सापडला!

पृथ्वीचे वय मात्र त्यांनी 2 ते 4 कोटी वर्षे ठरवले; आज ते सुमारे 454 कोटी मानतात. 17 डिसेंबर 1907 रोजी ते वारले. मीटरची मर्यादा ओळखणाऱ्या या थोर माणसाला स्वतःच्या गृहीतकाची मर्यादा मान्य करणे जड गेले. आकड्यावर विश्वास जरूर ठेवावा. पण तो कुठवर ठेवायचा, हेही ठाऊक असावे.